दानपेटीतले डोळे

ईशानीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि आदल्या दुपारी आम्ही बर्मिंगहॅममधल्या एका आर्ट गॅलरीत चित्रं बघत फिरत होतो. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. वाटू दे. सकाळी हॉस्पिटलात ईशानीचं रक्त तपासणीला देऊन झालं होतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी चारनंतर बोलावलं होतं, आणि मधल्या वेळात कॉव्हेंट्रीला घरी जाऊन परत येण्यात काही अर्थ नव्हता. गॅलरी फुकट होती, उबदार होती आणि बगीसाठी, म्हणजे ईशानीच्या बाबागाडीसाठी, लिफ्ट होती. अनुपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसचा कॉल घ्यायचाच होता. तो खालच्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसला. मी, सासूबाई आणि बगीत बसलेली दोन वर्षांची ईशानी वर गेलो.

ईशानीच्या डाव्या डोळ्यात ट्यूमर होता. वाढदिवसाच्या फोटोत फ्लॅशमुळे तिचा एक डोळा लाल आला होता आणि दुसरा मांजरासारखा पांढरा चमकत होता. मी मूर्खपणाने तो फोटो सगळ्या ग्रुप्सवर टाकला. शंभर लोकांनी केकचं कौतुक केलं, फक्त नागपूरच्या माझ्या मावसबहिणीने लिहिलं, 'आसावरी, हा डोळा लगेच दाखवून घे.' तिथून पुढे सगळं भराभर झालं.

डावा डोळा वाचणार नव्हता, तो काढायचाच होता. रडून, भांडून, पुन्हा रडून मी ते गिळलं होतं. आता माझा जीव टांगणीला लागला होता तो उजव्या डोळ्यासाठी. मागच्या तपासणीत त्या डोळ्याच्या अगदी कडेला एक फिकट ठिपका दिसला होता. तो काहीच नसेल, किंवा सुरुवात असेल. उद्या भूल दिल्यावर सर्जनबाई आधी तो ठिपका नीट बघणार होत्या आणि मग डावा डोळा काढणार होत्या. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचाच मला पगार मिळतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर या कामातलं मुरलेलं.

सासूबाईंचं नाव सुमन. त्या नाशिकला असतात. स्वतःच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलून त्या विमानात बसल्या, आणि येताना पर्समध्ये चांदीचे डोळे घेऊन आल्या. पातळ पत्र्याचे, काळ्या मिन्याचं बुबुळ असलेले, नाकाकडच्या बाजूला टोक असलेले. पोराच्या डोळ्यांना काही झालं की देवीला डोळे बोलायचे, जोडी घडवायची, पोराच्या डोळ्यांना लावायची आणि देवीला नेऊन वाहायची. त्यांनी वणीच्या देवीला बोलले होते. ईशानीच्या पापण्यांना लावून झाले की परत नेऊन गडावर वाहणार होत्या. मी तेव्हा म्हणाले होते, "आई, तुमच्या देवीला ऑनलाइन नाही का चालत?" असलं बोलायची मला सवय आहे. भीती वाटली की माझी जीभ जास्तच चालते.

तर त्या गॅलरीतल्या शेवटच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, एक मोठं लाकडी चित्र होतं. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी इटलीतल्या कुठल्याशा चर्चमध्ये वेदीच्या मागे उभं केलेलं. तीन भाग, प्रत्येकावर कमान आणि मागे सगळा सोन्याचा वर्ख. मधे बाळाला मांडीवर घेतलेली मेरी. एका बाजूला पुस्तक धरलेला दाढीवाला संत. दुसऱ्या बाजूला हिरव्या झग्यातली एक तरुण मुलगी. चेहरा अगदी शांत. तिच्या हातात बशी होती आणि बशीत दोन डोळे होते.

"एग्ज!" ईशानी ओरडली.

मी बगी वळवायला लागले, पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ही इथे कशी?"

"कोण?"

"देवी. बघ ना, डोळे वाहून घेतलेत तिने. हातात ताटली आहे. सोन्यात उभी आहे."

"आई, हे ख्रिश्चन पेंटिंग आहे."

"असेना. तिला डोळे वाहतात ना? मग झालं."

त्यांनी दाराशी जाऊन पायातले स्पोर्ट्स शूज काढले आणि मोज्यांवर चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पर्समधून चांदीची जोडी काढून त्यांनी ती ईशानीच्या डोळ्यांना लावली. ईशानी खिदळली. मग डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटल्या. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "जोडी देते आहे, गोड मानून घे."

"आई, वणीला वाहायचे होते ना?"

"वणीला जाईपर्यंत महिना जाईल. ऑपरेशन उद्या आहे. ही इथे समोर आहे." एवढं बोलून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना हवं ते दिसलं. दाराशी गॅलरीची डोनेशनची पेटी होती. जाड पारदर्शक प्लास्टिकची, वर कार्ड टॅप करायची जागा, आत नाणी आणि पाचाच्या नोटा. देवीसमोरची दानपेटीच ती. मी 'अहो' म्हणेपर्यंत दोन्ही डोळे फटीतून आत गेले. नाण्यांवर उताणे पडले आणि प्लास्टिकमधून आमच्याकडे बघत राहिले.

खरं सांगते, तेव्हा मला बरंच वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी चांदीची असली तर उत्तमच. ईशानीचा नॅपी बदलायला झाला होता. सासूबाई बूट घालून तिला घेऊन खाली गेल्या. मी जरा बाकावर टेकले.

तेवढ्यात शाळेची मुलं आली. मरून स्वेटरमधली आठ-नऊ वर्षांची पलटण, आणि पुढे गळ्यात बॅज घातलेली एक हसतमुख आजीबाई, व्हॉलंटियर. तिने सगळ्यांना चित्रासमोर मांडी घालून बसवलं.

"बशीत काय आहे, कोण सांगेल?"

"मशरूम्स!" "ऑलिव्ह्ज!" "आयबॉल्स!"

"ब्रिलियंट! आयबॉल्स. ही सेंट लूसी. गोष्टीत असं सांगतात, की तिचा छळ करणाऱ्यांनी तिचे डोळे काढले."

"एक का दोन, मिस?" एका मुलाने विचारलं.

"दोन्ही," आजीबाई आनंदाने म्हणाली. "दोन्ही डोळे. म्हणून बशीत जोडी आहे."

मुलांनी चवीने 'ईऽऽ' केलं. आजीबाई पुढेही बोलत होती, डोळ्यांच्या दुखण्यासाठी लोक हिचीच प्रार्थना करतात वगैरे. मला काही ऐकू येत नव्हतं. डोळे वाहून घेणारी नव्हती ती. डोळे गेलेली होती. आणि तिला आम्ही काय दिलं होतं? ईशानीच्या पापण्यांना लावून, गोड मानून घे म्हणून, जोडी. एक नाही, दोन.

माझा देवावर विश्वास नाही. भुतांवर नाही, नजरेवर नाही. पण उद्या सकाळी माझ्या मुलीचा उजवा डोळा कोणीतरी उघडून बघणार होतं आणि मला त्या प्लास्टिकच्या पेटीकडे बघवत नव्हतं. विश्वास नसलेल्या माणसाला भीतीपासून वाचवायला कोणी नसतं, हे मला त्या बाकावर कळलं. मी उठले आणि धावतच रिसेप्शनला गेले.

"माझ्या सासूबाईंनी चुकून तुमच्या डोनेशन बॉक्समध्ये दागिना टाकला," मी म्हणाले. "प्लीज. मला तो आत्ता हवाय."

किल्ली मॅनेजरकडे होती. पेटी उघडताना दोन माणसं हजर लागतात, असा त्यांचा नियम. हेलन नावाची मॅनेजर कुठल्याशा मीटिंगमधून उठून आली, तोवर मी खुर्चीच्या पाठीवर नखं रोवून उभी होते. तिने वर जाऊन पेटी उघडली, नाणी बाजूला केली आणि चांदीचे डोळे पेटीच्या झाकणावर ठेवले. नीट शेजारी शेजारी, टोकाला टोक. चेहऱ्यावर असतात तसे.

"ओह," हेलन म्हणाली. "हे... डोळे आहेत?"

"इअररिंग्ज," मी म्हणाले.

"लव्हली."

डावा जाऊ दे, मी मनात म्हटलं. डावा तुझा. उजवा दे. मी उजवीकडचा उचलला आणि दुसरा तिच्याकडे सरकवला.

"हा परत टाका. तो डोनेशन."

"तुम्हाला एकच इअररिंग हवंय?"

"एकच."

इंग्रज लोक वेड्या माणसाशी फार प्रेमाने वागतात. हेलनने मान हलवली, दुसरा डोळा पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. मी माझा डोळा जीन्सच्या खिशात घातला. मला इतकं हलकं वाटलं की खाली कॅफेत जाऊन मी ईशानीबरोबर अर्धा ओट्सचा फ्लॅपजॅक खाल्ला. सासूबाईंना काही बोलले नाही. वाहिलेलं परत घेणं म्हणजे त्यांच्या लेखी देवीच्या तोंडातला घास काढणं.

भूल देणारे डॉक्टर भेटले, सह्या झाल्या, पाच वाजून गेले. कार पार्कमध्ये मी ईशानीला सीटमध्ये बसवून पट्टा लावत होते. ती माझ्याकडे तोंड करून हसत होती. तिचा तो डोळा, उद्या जाणारा डोळा, माझ्या उजव्या हाताला होता.

माझे हात तिथेच थांबले. माझ्याकडे बघणाऱ्याचा डावा डोळा माझ्या उजवीकडे असतो. गेले कित्येक दिवस मी हीच चूक करत होते, डॉक्टरांना दाखवताना बोट चुकीच्या डोळ्याकडे जायचं आणि अनुप मनगट धरून वळवायचा. आणि झाकणावरचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी खिशातला डोळा काढून स्वतःच्या चेहऱ्याला लावून पाहिला. नाकाकडचं टोक डाव्या डोळ्यालाच जुळत होतं. मी डावा परत आणला होता. उजवा त्या बशीवाल्या बाईकडे ठेवून आले होते. माझ्या हाताने, निवडून.

"अनुप, गॅलरी किती वाजता बंद होते?"

"पाचला. का गं?"

"काही नाही."

सांगितलं असतं तर तो हसला असता. किंवा वाईट म्हणजे, हसला नसता. मी मागे ईशानीशेजारी बसले. सासूबाई पुढे बसल्या होत्या. वाटेत त्यांनी पदराने एक डोळा झाकला आणि पुढच्या लॉरीची नंबर प्लेट पुटपुटत वाचली. मग दुसरा झाकला आणि पुन्हा वाचली. घरी आल्यावर किचनमधल्या कॅलेंडरसमोर उभ्या राहून तेच. मला वाटलं, मोतीबिंदू सतावतोय. विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. माझ्या डोक्यात बशी होती, आणि बशीत एक उजवा डोळा.

सकाळी वॉर्डमध्ये पहिल्यांदा नर्सने विचारलं, "आज आपण कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन करतोय?" सगळ्यांना विचारतात, चूक होऊ नये म्हणून. कोणाचा डावा? तिचा, माझा, बशीतल्या बाईचा? "लेफ्ट," अनुप म्हणाला. भूल देणाऱ्यांनी विचारलं. "लेफ्ट." मग सर्जनबाई आल्या, त्यांनीही विचारलं, आणि या वेळी त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"डावा," मी मराठीतच म्हणाले, आणि हात लावून दाखवला. या वेळी अनुपला मनगट धरावं लागलं नाही.

त्यांनी ईशानीच्या टेडीच्या कपाळावर पेनने एक बाण काढला, मग ईशानीच्या कपाळावर, डाव्या डोळ्याच्या वर. ईशानीला तो बाण फार आवडला. डॉक्टरांनी भूल देईपर्यंत सोबत राहायला अनुप तिला कडेवर घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टवर तिची लाळ होती. तो माझ्याजवळ बसला नाही, कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वेटिंग रूममध्ये मी आणि सासूबाई. माझ्या मुठीत तो डोळा. त्याचं टोक तळहातात रुतत होतं. आत ठिपका बघत असतील. आत्ता. किंवा आत्ता. मी मूठ उघडली.

"आई, मी हा दानपेटीतून परत काढला."

त्या डोळ्याकडे बघत राहिल्या. "वाहिलेला?"

"हो. ती देवी नव्हती हो. तिचे डोळे काढले होते, दोन्ही. मला दोन्ही द्यायचे नव्हते. म्हटलं एक घे, एक ठेव. आणि मी चुकीचा उचलला. हा डावा आहे. उजवा तिच्याकडे राहिला. आई, मी ईशानीचा उजवा डोळा तिला देऊन आले."

मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी तो डोळा घेतला, स्वतःच्या चेहऱ्याला लावून टोक कुठे येतं ते पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवला.

"ते ईशानीचे नव्हतेच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"घडवले तेव्हा तिचे होते. पण त्या बाईची बशी बघितली आणि मला कळलं, ही नुसती चांदी घ्यायची नाही. मी म्हटलं, बाई, हे माझे दोन्ही समज आणि घे. पोरीचा एक तेवढा ठेव." त्यांनी तळहाताने एक डोळा झाकला, मग दुसरा. "कालपासून झाकून झाकून बघते आहे. आधी हा, मग तो. दोन्हींनी दिसतंय गं अजून. मला भीती वाटते आसावरी, अजून दिसतंय म्हणजे तिने घेतलेच नाहीत की काय."

आठ वर्षं मी या बाईच्या उपासांची चेष्टा केली. मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता आणि माझाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो आणि समोरचं दार उघडू नये असं मला वाटत होतं, कारण दार उघडेपर्यंत उजवा डोळा चांगला होता.

दार उघडलं. सर्जनबाई, डोक्यावर निळी टोपी. अनुप धावत आला.

"ऑपरेशन छान झालं. ती उठते आहे. आणि उजवा डोळा..." त्या खुर्ची ओढून बसल्या. त्या बसल्या म्हणजे संपलं, असं मला वाटलं. "उजवा डोळा क्लिअर आहे. तो ठिपका निरुपद्रवी आहे, जन्मापासूनचा असावा. पुढची काही वर्षं आपण तपासत राहू. पण आज मी खूश आहे."

अनुप मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते मी विचारलं नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माझा उजवा राहिला म्हणालीस ना तिच्याकडे? राहू दे. त्यात नाहीतरी मोतीबिंदू पिकत आलाय. लखलाभ तिला." आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आणि हा?" मी मूठ दाखवली.

"तो नेऊन टाकू परत. बोललेलं फेडायला हवं."

"नाही," मी म्हणाले. "हा मी देणार नाही."

ईशानी रिकव्हरीमध्ये पांढऱ्या चादरीत एवढीशी दिसत होती. डाव्या डोळ्यावर मोठी पट्टी, कपाळावर अर्धवट पुसलेला बाण. आम्हाला बघून तिने ओठ काढला आणि पट्टीकडे हात नेला. सासूबाई पटकन पुढे झाल्या. त्यांनी पदराने स्वतःचा डावा डोळा झाकून घेतला, अगदी तिच्यासारखा, आणि खाली वाकल्या.

"बुवाऽ कुक!"

ईशानीचा हात थांबला. ती उजव्या डोळ्याने आजीकडे टक लावून बघायला लागली. आणि आजी तिच्याकडे, फक्त उजव्या डोळ्याने. दोघी तशाच राहिल्या. खेळायला लागतो त्याहून जास्त वेळ सासूबाईंनी पदर काढला नाही.

"आई?" मी म्हणाले.

"दिसतेय गं," त्या म्हणाल्या. "जरा धूसर, पण दिसतेय."

मोतीबिंदू असेल. डोळ्यांत पाणी आलं असेल. मी चांदीचा डोळा मुठीत घट्ट आवळला आणि तिसरं काही मनात येऊ दिलं नाही.